बाबांशी आठ दिवस खोटं बोललो: उपयुक्ततावाद बरोबर की कर्तव्यवाद?

उंबरठा

मंडळी, विषय तत्त्वज्ञानाचा आहे पण सुरुवात घरातल्या भांडणातून झाली, म्हणून आधी तेच सांगते. गेल्या वर्षी बाबांची बायपास झाली आणि दुसऱ्याच दिवशी आमचे मोठे काका अचानक गेले. बाबांचा त्यांच्यावर फार जीव. डॉक्टर म्हणाले इतक्यात धक्का नको. मग मी आणि भाऊ, आम्ही दोघं आठ दिवस खोटं बोललो. बाबा रोज विचारायचे, दादाचा फोन आला का, आणि मी रोज सांगायचे, हो आला होता, तुम्ही झोपला होतात. चौथ्या दिवशी तर मी काकांचा निरोपसुद्धा तयार केला, "म्हणाले लवकर घरी ये, कॅरमचा डाव अर्धा राहिलाय." बाबा हसले. टाके दुखतात म्हणून छातीवर उशी धरून हसले. ते आठवलं की मला अजून पोटात कालवतं.

नवव्या दिवशी सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुम्ही चुकलात असं मी म्हणत नाही. पण आता तू रिपोर्ट चांगले आलेत म्हणतेस, ते खरं की कॅरमसारखं, हे मी कसं ओळखायचं?"

भाऊ म्हणतो, बाबा ठणठणीत आहेत, विषय संपला. मला तो संपलेला वाटत नाही. म्हणून नीतिशास्त्रावरचं थोडंफार वाचायला घेतलं, तर तिथे हीच दोन गटांची मारामारी. एक गट म्हणतो परिणाम बघा, दुसरा म्हणतो काही गोष्टी परिणाम काहीही असोत करायच्या नाहीत म्हणजे नाहीत. तुम्ही कुठल्या गटात, आणि का?

रिकामा_तास

तुमच्या भावाच्या गटात. माणूस वाचला ना? एवढं डोकं कशाला शिणवायचं.

तिरका_कोन

छान विषय. आधी दोन्ही बाजू नीट मांडतो म्हणजे पुढे गोंधळ नको.

उपयुक्ततावाद म्हणजे बेंथम आणि मिल, दोघंही इंग्रज तत्त्वज्ञ. बेंथमचं मुख्य पुस्तक १७८९ सालचं. कृती चांगली की वाईट हे तिच्यातून एकूण किती सुख आणि किती दुःख निघतं त्यावर ठरतं, आणि मोजताना प्रत्येक माणूस एकच धरायचा, राजा असो की भिकारी. आज हे साधं वाटतं, त्या काळात भलतंच धाडसी होतं.

कर्तव्यवाद म्हणजे मुख्यतः जर्मन तत्त्वज्ञ कांट, १७८५ पासून पुढे. त्याचं म्हणणं, तुम्ही ज्या नियमाने वागताय तो सगळ्यांचा नियम झाला तर टिकेल का ते बघा. परत करता येणार नाहीत हे माहीत असताना 'देतो परत' म्हणून पैसे उसने घ्यायचे, हा नियम सगळ्यांनी पाळला तर वचन या शब्दावर कोणी विश्वासच ठेवणार नाही, म्हणजे नियम स्वतःच स्वतःला खातो. दुसरी गोष्ट, माणसाला केवळ साधन म्हणून वापरायचं नाही. यातला 'केवळ' महत्त्वाचा, लोक तो गाळतात. रिक्षावाल्याला आपण साधन म्हणून वापरतोच की, पण तो राजी असतो, भाडं घेतो. ज्याला फसवलं त्याला राजी व्हायची संधीच मिळालेली नसते.

आणि खोटं बोलण्याबद्दल कांट फारच कडक. १७९७ साली बेंजामिन कॉन्स्टंट नावाच्या फ्रेंच लेखकाला उत्तर देताना त्याने लिहिलं की मारेकरी दारात येऊन विचारतोय तुझा मित्र आत लपलाय का, तरी खोटं बोलायचं नाही.

झोपाळू_अस्वल

नोंद केली. कांटच्या घरी लपायला जायचं नाही.

तिरका_कोन

हाहा, बरोबर. पण त्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाहीये. तो म्हणतो, तू खोटं बोललास की तो आत नाहीये, आणि तेवढ्यात मित्र खरंच मागच्या खिडकीतून निसटलेला होता, मारेकरी तुझ्या शब्दावर विसंबून परत फिरला आणि वाटेत नेमका तोच सापडला, तर त्या मृत्यूची जबाबदारी तुझ्यावर येते. खरं बोलला असतास तर जे झालं त्याचा दोष मारेकऱ्याचा. म्हणजे परिणाम आपल्या हातात आहेत हाच आपला भ्रम. मला हे उत्तर पटत नाही, पण भ्रमाबद्दलचं पटतं.

गोधडी

आपल्याकडे हीच गोष्ट उलटी सांगितलीय! महाभारतात कर्णपर्वात कौशिक नावाचा ब्राह्मण येतो. कायम खरंच बोलायचं असं त्याचं व्रत. दरोडेखोरांना घाबरून काही माणसं त्याच्या आश्रमाजवळच्या झाडीत लपतात, दरोडेखोर येऊन विचारतात कुठे गेली, हा सांगतो तिकडे. सगळी मारली जातात. आणि कौशिक जातो नरकात. ही गोष्ट कृष्ण अर्जुनाला सांगतोय, कारण अर्जुन आपली प्रतिज्ञा पाळायला चक्क धर्मराजावर तलवार उपसून उभा राहिलाय. 'गांडीव दुसऱ्याला दे' म्हणेल त्याला मारीन अशी प्रतिज्ञा, आणि म्हणाला कोण तर सख्खा मोठा भाऊ.

माझी आजी ही गोष्ट सांगून शेवटी म्हणायची, "सत्याला हातपाय असतात, पण डोळे आपले लावावे लागतात." हे पोथीत नाही, आजीचं स्वतःचं.

रिकामा_तास

आजी जिंकली. धागा बंद करा.

टाचणी

इतक्यात नको. महाभारताचा विषय निघालाच आहे तर 'नरो वा कुंजरो वा' कसं विसरता? धर्मराज शब्दाने खोटं बोललाच नाही, अश्वत्थामा नावाचा हत्ती मेलेलाच होता. तरी जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. म्हणजे तिथे नुसते शब्द मोजले नाहीत, फसवायचा इरादा मोजला.

आता गंमत ऐका. प्रशियाच्या राजाने १७९४ साली कांटला तंबी दिली, धर्मावर असलं काही लिहू नका. कांटने उत्तर पाठवलं की 'महाराजांचा अत्यंत एकनिष्ठ प्रजाजन या नात्याने' मी यापुढे या विषयावर लिहिणार नाही. १७९७ मध्ये राजा वारला. १७९८ मध्ये कांटने सगळा पत्रव्यवहारच छापला आणि वर सांगितलं की ते शब्द मी मुद्दाम घातले होते, वचन त्या महाराजांपुरतं होतं. कुंजर कोपऱ्यात बारीक आवाजात!

तिरका_कोन

टाचणी, टोचलंस. पण कांटच्या बाजूने एवढंच म्हणतो की गप्प राहणं, मोजकं बोलणं आणि धडधडीत खोटं यात त्याने फरक केला होता. सगळं खरं सगळ्यांना सांगितलंच पाहिजे असं तो म्हणत नव्हता. जे बोलशील ते खरं असू दे, इतकंच. उंबरठाताईंनी 'काकांबद्दल आत्ता बोलायला नको' म्हटलं असतं तर ते कांटला चाललं असतं. कॅरम चालला नसता.

उंबरठा

"काकांबद्दल आत्ता बोलायला नको" असं मी म्हटलं असतं तर बाबांना त्याच सेकंदाला कळलं असतं हो. पस्तीस वर्षं शिक्षक होते, मुलांचे चेहरे वाचण्यात गेली.

आकडेमोड

बेंथमने सुख मोजायच्या सात कसोट्या दिल्यात: तीव्रता, किती वेळ टिकेल, खात्री किती, किती लवकर मिळेल, त्यातून आणखी सुख निघेल का, त्यात दुःखाची भेसळ किती आणि किती जणांना मिळेल. म्हटलं तुमच्या केसला लावून बघू. काल रात्री खरंच कागद घेऊन बसलो. धक्क्याने काही बरंवाईट व्हायची शक्यता गुणिले त्याचं दुःख, वजा आठ दिवस तुम्हाला झालेला त्रास, वजा नंतर उडालेला विश्वास... शक्यता किती धरू? विश्वासाचं एकक काय? भाऊ आनंदात आहे त्याचे गुण वेगळे द्यायचे का? पाऊण तासात कागद फाडला. बायको म्हणाली तू झोपलास असतास तर एकूण सुख वाढलं असतं.

झोपाळू_अस्वल

वहिनी खऱ्या उपयुक्ततावादी.

बाय द वे बेंथमने मेल्यावरही उपयोग सोडला नाही. मृत्युपत्रात लिहून ठेवलं, माझं शरीर अभ्यासाला फाडा आणि मग सांगाडा माझेच कपडे घालून बसवा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आजही खुर्चीत बसलाय. डोकं मेणाचं, कारण खरं डोकं टिकवताना फसलं आणि भयानक दिसायला लागलं. परिणाम बघितले नाहीत म्हणायचे.

काजवा

मी सतरा वर्षं आयसीयूत नर्स आहे म्हणून दोन गोष्टी लिहिते, कुठल्या वादात बसतात ते तुम्ही बघा.

एक. बेड एक आणि पेशंट तीन असले की आम्ही मोजतो. कोणाला उपयोग जास्त होईल, कोण वाट बघू शकेल. तिथे मनात कांट वगैरे येत नाही, आणि जो मोजायला तयार नाही त्याने ती ड्यूटी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत. पण एकदा माणूस बेडवर आला की तो माझा पेशंट. मग बाहेर त्याच्यापेक्षा तरुण कोणी आला म्हणून याची नळी काढून त्याला लावू असा विचार कोणी बोलून दाखवला तर मी त्याला वॉर्डाबाहेर काढीन. हिशेब तोच आहे हे मला कळतं. तरी काढीन.

दोन. पेशंटला कळतं. चेहरा आपण सांभाळतो, पण आवाज जरा जास्त आनंदी लागतो. एका आजोबांना मुलगा रोज सांगायचा आई घरी मजेत आहे. ते मान डोलवायचे. रात्री मला म्हणाले, "सिस्टर, ती गेलीय ना? त्याला सांगू नका मला कळलंय, त्याला वाटतंय तो मला सांभाळतोय." दोघं एकमेकांशी खोटं बोलत होते आणि दोघंही एकटेच रडत होते. आजोबा उशीत तोंड खुपसून, मुलगा लिफ्टजवळ.

रिकामा_तास

काजवा, अंगावर काटा आला. पण तुमच्या पहिल्या मुद्द्यातही शेवटी आकडाच जिंकतो. पाच विरुद्ध एक असेल तर पाच. रूळ बदलून गाडी एकाच्या अंगावर घालायची, पाच वाचवायचे, यात न कळण्यासारखं काय आहे?

तिरका_कोन

ते रुळांचं उदाहरण फिलिपा फूट या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईचं, १९६७ चं. तिनेच त्याच्या शेजारी दुसरं ठेवलं होतं: एका माणसाला मारून त्याच्या शरीरापासून औषध बनवलं तर पाच जण वाचतात, तर मारायचं का? नंतर ज्युडिथ थॉमसनने त्याचं पाच रोग्यांसाठी एकाचे अवयव काढणारा सर्जन आणि गाडी अडवायला पुलावरून ढकलायचा जाडा माणूस केला. आकडा सगळीकडे पाच विरुद्ध एक. रिकामा_तास, सर्जनला परवानगी देणार का?

रिकामा_तास

नाही. कारण मग तपासणीला कोणी हॉस्पिटलात पाऊलच टाकणार नाही, शेवटी नुकसान जास्त.

टाचणी

आणि कोणालाच कधीच कळणार नसेल तर?

रिकामा_तास

...तरी नाही. विचार करतो.

कलमबाई

हे सगळं नुसतं कागदावरचं नाही म्हणून कोर्टातली दोन उदाहरणं.

१८८४ साली 'मिग्नोनेट' नावाची छोटी नौका दक्षिण अटलांटिकमध्ये बुडाली. चार जण एका होडीत, पाणी नाही, अन्न जवळजवळ नाही. जवळपास तीन आठवड्यांनी कप्तान डडली आणि स्टीफन्स यांनी सर्वांत अशक्त झालेल्या रिचर्ड पार्कर या सतरा वर्षांच्या पोराला मारलं आणि उरलेल्या तिघांनी त्याच्यावर दिवस काढले. चार दिवसांनी जहाज भेटलं. हिशेबाने तीन वाचले, एक गेला, तोही बहुधा गेलाच असता. इंग्लंडच्या कोर्टाने म्हटलं, हा खूनच, गरज हा बचाव नाही. फाशी सुनावली, मग ती कमी करून सहा महिने कैद केली. त्या सहा महिन्यांकडे नीट बघा. नियम मोडू दिला नाही आणि परिस्थितीकडे डोळेझाकही केली नाही, फक्त दोन्ही कामं वेगवेगळ्या खिडकीवर केली.

दुसरं जर्मनीचं. अपहरण झालेलं विमान अतिरेकी शस्त्र म्हणून वापरणार असतील तर प्रवाशांसकट पाडायची मुभा देणारा कायदा तिथे झाला होता. २००६ साली घटनात्मक न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. आतल्या निरपराध माणसांना सरकार नुसती वस्तू समजतंय, मानवी प्रतिष्ठेत हे बसत नाही, असं कारण. ते प्रवासी तसेही मरणार होते हा युक्तिवाद चालला नाही. सरळ कांटचा सूर.

रिकामा_तास

आणि ते विमान स्टेडियमवर पडलं असतं तर? निकाल देणारे स्टेडियमात बसलेले नसतात.

कलमबाई

बरोबर विचारलंत. माझ्याकडे उत्तर नाही. पण असा आदेश आधीच कायद्यात लिहून ठेवणं आणि त्या क्षणी कोणीतरी तो देऊन नंतर खटल्याला उभं राहणं, यातलं दुसरं मला कमी भीतीदायक वाटतं.

पाणकळा

टिळकांचं नाव अजून कसं निघालं नाही? मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या, १९१५ साली आलेल्या गीतारहस्यात बेंथम-मिलच्या 'पुष्कळांचे पुष्कळ सुख' या तत्त्वाचा सविस्तर समाचार आहे. आणि निष्काम कर्म म्हणजे कांटच झाला की, फळाची आशा नको, कर्तव्य करा.

गोधडी

झाला की काय? फळाची आशा सोडायची म्हणजे परिणामाचा विचारच करायचा नाही असं कुठे आहे? फळ मला मिळावं ही हाव सोडायची. लोकसंग्रह हा शब्द त्याच गीतेत आहे, तो काय परिणाम न बघता होतो?

पाणकळा

यावर वेगळा धागा काढा, इथे भारतीय युद्ध नको.

झोपाळू_अस्वल

अठरा दिवस चालेल. नको.

आकडेमोड

रिकामा_तास यांच्या 'हॉस्पिटलात कोणी येणार नाही' वर परत येतो. मिलने हे फार छान सांगितलंय. खलाशी समुद्रात दर वेळी ग्रहताऱ्यांचं गणित नव्याने करत बसत नाही, तयार पंचांग घेऊन निघतो, म्हणून नौकानयन खगोलशास्त्रावर उभं नाही असं होत नाही. तसे खोटं बोलू नये, मारू नये हे नियम म्हणजे आपलं तयार पंचांग, माणसांनी हजारो वर्षं परिणाम भोगून बनवलेलं. दर वेळी कागद घेऊन बसायचं नाही. (काल रात्रीनंतर हे मला विशेष पटलंय.)

टाचणी

मिलच्या त्याच लेखनात, १८६१ च्या, याहून जवळची गोष्ट आहे. उंबरठा, मिलने जवळजवळ तुमच्या घराबद्दलच लिहिलंय. तो म्हणतो खरं बोलायच्या नियमालाही अपवाद असतात, आणि उदाहरणं दोन देतो: दुष्टापासून माहिती लपवणं आणि फार आजारी माणसापासून वाईट बातमी लपवणं. पहिलं कांटचं दार, दुसरं तुमचा आयसीयू! पण त्याच्या आधीच तो हेही म्हणतो की जरासं खोटंसुद्धा माणसाच्या शब्दावरचा भरवसा पातळ करतं आणि समाज तर त्याच भरवशावर उभा आहे. म्हणून अपवाद करा पण त्याला कुंपण घाला, म्हणजे तो गरजेबाहेर पसरणार नाही.

आता तुमचे बाबा काय म्हणाले? रिपोर्ट चांगले आलेत हे खरं कसं मानू. हा परिणामच की! कर्तव्यवाद्यांनी त्यावर हक्क सांगायचं कारण नाही. तुमच्या भावाने हिशेब अर्धाच केला, नवव्या दिवशी वही मिटली.

काजवा

टाचणी, मला नाही पटत. समजा बाबांना कधीच कळलं नसतं. काका गेल्याची बातमी नंतर तारीख बदलून सांगितली असती आणि खपली असती. भरवसा शाबूत, वही जुळली. तरी काहीतरी चुकलंच असतं. आठ दिवस तो माणूस स्वतःच्या भावासाठी रडू शकला नाही आणि ते कोणी ठरवलं तर त्याच्या पोरांनी. रडणं त्याचं होतं. हे कुठल्या कॉलममध्ये टाकणार?

टाचणी

दुःखाच्या कॉलममध्ये.

काजवा

कोणाच्या? त्याला तर माहीतच नाही.

आकडेमोड

काजवा यांनी एका ओळीत जे केलं त्यासाठी नॉझिक या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७४ मध्ये यंत्र कल्पिलं होतं: हवे ते अनुभव देणारं मशीन, आत गेलात की कळणारही नाही की हे खोटं आहे. बहुतेकांना आत जावंसं वाटत नाही, असं तो म्हणतो. म्हणजे नुसता अनुभव चांगला असून भागत नाही, तो खरा असावा लागतो. मी पूर्वी म्हणायचो मी जाईन आत. आता बाबांना दिलेला तो कॅरमचा निरोप आठवला की नको वाटतं.

रिकामा_तास

मी विचार केला. सर्जनला परवानगी नाही, कोणाला कळो न कळो. कारण सांगता येत नाही. पण तेव्हा बाबांना न सांगणं बरोबरच होतं यावरही ठाम आहे. दोन्ही एकत्र बसत नसेल तर न बसो.

तिरका_कोन

बसतं. डब्ल्यू. डी. रॉस या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९३० मध्ये हेच म्हटलं. कर्तव्य एक नसतं, बरीच असतात: वचन पाळणं, इजा न करणं, भलं करणं, उपकार फेडणं. एरवी प्रत्येक खरं, पण दोन आमनेसामने आली की त्या प्रसंगी कुठलं वजनदार ते बघावं लागतं, त्याचं सूत्र नाही. आणि मागे पडलेलं कर्तव्य पुसलं जात नाही, त्याची रुखरुख राहते, भरपाई करावीशी वाटते. उंबरठाताईंच्या पोटात जे कालवतं ते मला हेच वाटतं. भाऊ म्हणतो बरोबर केलं ना, मग कालवतं कशाला. दोन्ही खरं असू शकतं.

झोपाळू_अस्वल

म्हणजे रॉसचं उत्तर 'बघू'.

तिरका_कोन

हो. पण नीट बघू.

उंबरठा

सगळ्यांचे आभार, दोनदा वाचलं. काजवा यांची प्रतिक्रिया भावाला दाखवली, लिफ्टजवळ रडणाऱ्या मुलापाशी आला आणि फोन माझ्या हातात देऊन बाल्कनीत गेला. त्या आठ दिवसांत तो कुठे रडत होता ते मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.

मिलच्या कुंपणाची गोष्ट मी बाबांनाच सांगितली. त्यांना आवडली. म्हणाले मग कुंपण आपण आत्ताच घालू, मी धडधाकट असताना. मी स्वतः विचारलं तर खरं सांगायचं. विचारलं नाही तर थांबायचं. भाऊ म्हणाला, आणि तुम्ही पुन्हा आयसीयूत असताना विचारलं तर? तर म्हणाले, "तेव्हाही. तो धोका माझा." मला वाटलं चला, निदान आमच्या घरापुरतं मिटलं.

हे परवाचं. आज सकाळी बाबांची सहा महिन्यांची तपासणी होती, मी सोबत होते. एक आकडा थोडा वर आलाय, घाबरण्यासारखं नाही, गोळी वाढवलीय, महिन्याने परत बोलावलंय. गाडीत बसल्या बसल्या बाबा म्हणाले, "आईला सगळं नॉर्मल आहे असंच सांग. उगाच झोप उडेल तिची."

टाचणी

अरे देवा.

काजवा

मग काय सांगितलंत?

उंबरठा

अजून काही नाही. आत्ताच पोचलोय, बाबा चपला काढतायत आणि आई आतून विचारतेय काय म्हणाले डॉक्टर.